पळता दिवा आणि मॅडमचा हात

सोनकांबळे मॅडमचं एक वाक्य होतं: "दिवा लावणाऱ्याचा नसतो, पाहणाऱ्याचा असतो." ऐकणाऱ्याला वाटावं, बाई प्रवचन करत असतील. तसं काही नाही. मॅडम आमच्या लातुरात ड्रायव्हिंग शिकवायच्या आणि हे वाक्य गाडीच्या इंडिकेटरविषयी होतं. समोर बँकेचा मॅनेजर बसलेला असो की नुकती बारावी झालेली पोरगी, गाडी सुरू करण्याआधी हे वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवावं लागे.

हल्ली त्यांची आठवण रोज येते, कारण हल्ली गाड्यांचे इंडिकेटर लुकलुकत नाहीत, पळतात. आतल्या बाजूला एक ठिपका पेटतो, मग शेजारचा, मग त्याच्या पुढचा, असं करत पिवळी रेघ बाहेरच्या कडेपर्यंत धावत जाते, विझते आणि पुन्हा धावते. मॅडम ज्या मैदानात गाडी शिकवायच्या, त्याच्याच कोपऱ्यावर माझं मेडिकलचं दुकान आहे. सगळ्या गाड्या तिथंच वळतात, त्यामुळे गोळ्यांची पाकिटं देता देता मी ही पळापळ दिवसभर बघत असतो. कुणी म्हणतं काय देखणं आहे, कुणी म्हणतं नुसता माज. माझं म्हणाल, तर आधी माझं मत मॅडमनी बनवलं, आणि नंतर त्यांनीच ते बदलायला लावलं.

मॅडम ठेंगण्या होत्या. काठाची सुती साडी, खांद्यावर घट्ट पिन, आणि पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये ओव्याची डबी. शिकणारा घाबरला की चिमूटभर ओवा त्याच्या तळहातावर ठेवायच्या. "चावा. पोट थाऱ्यावर आसलं की पाय थाऱ्यावर राहतो." यामागं वैद्यकशास्त्र किती हे मी औषधवाला असूनही सांगू शकत नाही, पण घाबरलेली माणसं ओवा चावून बरी गाडी चालवायची हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गाडी जुनी, पांढरी, डावीकडच्या सीटपुढं जादा ब्रेक बसवलेली. मॅडम कायम त्या डाव्या सीटवर. आणि भर मे महिन्यातसुद्धा त्यांच्या बाजूची काच खाली. एसी लावा म्हणून शिकणारे कळवळायचे. मॅडम म्हणायच्या, "काच वर केली तर माझा हात कुठून जाईल?"

हाताची गोष्ट पुढं येईल. आधी खुर्ची.

मॅडमच्या शाळेत पहिल्या दिवशी गाडीत बसायला मिळत नसे. मैदानाच्या कडेला, माझ्या दुकानाच्या सावलीत, प्लास्टिकची खुर्ची टाकलेली असे. शिकाऊ माणसानं तिथं बसायचं आणि येणारी जाणारी प्रत्येक गाडी काय म्हणते ते मॅडमना सांगायचं. "ही रिक्षा काय म्हनून राहिली?" "डावीकडं वळतीय." "दिवा तर लावला न्हाई. तुमाला कसं कळालं?" "ड्रायव्हरनं मान वळवली." "शाबास. आन त्या जीपचा दिवा मघापासून लुकलुकतोय, ती कुठं चालली?" "कुठंच नाही मॅडम, बंद करायचा विसरलाय." असं तासभर चालायचं. बाप्ये माणसं फार वैतागायची. फी भरली गाडीची आणि बसवलं खुर्चीवर, म्हणून माझ्याकडं येऊन कुरकुरायची, आणि डोकेदुखीची गोळी घेऊन पुन्हा खुर्चीवर जाऊन बसायची.

रेणापूरकडचा एक गुत्तेदार होता. सरकारी कामं घेणारा, गळ्यात जाड साखळी, आवाज त्याहून जाड. नवी मोठी गाडी घेतली होती आणि ती स्वतः चालवत गावात शिरायची हौस होती. मैदानात वळताना तो इंडिकेटर लावेना. मॅडमनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबून गाडी जागेवर थांबवली.

"मॅडम, हितं कोन हाय बगायला? सगळं मैदान रिकामं हाय की."

"घरून निघताना 'येतो' म्हणता का न्हाई?"

"म्हनतो की."

"कुणाला?"

"मंडळीला. आईला."

"आन घरात कुणीच नसलं तर?"

"तरी म्हनतो. तोंडातून निघतंच."

"मंग लावा की दिवा. तोंडातून निघतं तसा हातातून निघाला पाहिजे."

गाडी दुकानासमोरच थांबली होती, काच उघडी, त्यामुळे मी ऐकत होतो. माणूस लाजल्यासारखा हसला आणि त्यानं दिवा लावला. पुढं त्याच्या घरच्या चौघांना त्यानं मॅडमकडंच पाठवलं, त्यात त्याची आईसुद्धा होती. म्हातारी शिकली नाही, पण खुर्चीवर बसून गाड्या काय म्हणतात ते मात्र तिला सगळ्यांपेक्षा अचूक कळायचं.

आता हात. मॅडमचा नियम असा, की आपण वळताना आपल्यासाठी कुणी थांबलं, तर त्याला तळहात वर करून दाखवायचा. "मी वळतो हे सांगायला दिवा हाय. थांबलास, बरं झालं, हे सांगायला गाडीत दिवा न्हाई. त्याला हातच लागतो." चालवणाऱ्यानं उजवा हात करायचा, शेजारी मॅडम डावा करायच्या. गाडी वळायची ती दोन्ही खिडक्यांतून दोन पंजे बाहेर काढून. लोक हसायचे. पण मागच्या काही वर्षांत लातुरात कुणी वळताना असा हात वर केला, की ओळखावं, मॅडमचा चेला. मीही चेलाच. या नियमाला एक पोटनियम होता: थांबलेल्यानं उलट हात करायचा नाही. "त्यानं केला, मंग तुमी केला, मंग त्यानं केला, तर चौकातच सोयरीक जुळंल. मागं लोक खोळंबतात. थांबायचं, हात घ्यायचा आन निघायचं."

मॅडम या वाटेला कशा लागल्या, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ते सांगितलं त्यांच्या यजमानांनी. गौतम सर प्राथमिक शाळेत गुरुजी होते. उजवा पाय गुडघ्यातून वाकत नाही, हातात काठी. दर महिन्याला औषधं न्यायला दुकानात यायचे आणि स्टुलावर टेकायचे. स्वभावानं इतके मऊ, की बोलताना शब्दसुद्धा उचलून हळूच ठेवायचे.

आमच्याकडच्या हमरस्त्यावर ट्रकचा उजवा दिवा दोन गोष्टी बोलतो. एक, मी उजवीकडं वळतोय. दुसरी, पुढं रस्ता मोकळा आहे, तू मला ओलांडून जा. दोन्ही एकाच दिव्यानं, एकाच लुकलुकण्यानं. ऐकणाऱ्यानं अंदाज घ्यायचा. सर तरुणपणी औशाच्या शाळेवर होते आणि स्कूटरनं जाऊन येऊन करायचे. एका सकाळी पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लागला. सरांना वाटलं, साईड दिली. ते उजवीकडून पुढं निघाले आणि ट्रक उजवीकडं शेताच्या वाटेला वळला.

सर दवाखान्यातून घरी आले तेव्हा मॅडम त्या ट्रकवाल्याला शोधत त्याच्या गावी गेल्या. भांडायला नव्हे. दारात उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, "दादा, तुमी त्या दिवशी काय सांगून राहिला होता?" तो माणूस रडायला लागला. म्हणाला, "ताई, लेकराची शपथ, वळतो म्हनूनच सांगत होतो." मॅडम घरी आल्या आणि सरांना म्हणाल्या, "तो खोटं बोलत न्हाई. तुमी बी खोटं बोलत न्हाई. त्यानं एक सांगितलं, तुमाला दुसरं ऐकू आलं." त्यानंतर त्यांनी स्वतः गाडी शिकून घेतली, आधी सरांना शाळेत नेण्या-आणण्यासाठी आणि मग दुसऱ्यांना शिकवण्यासाठी. त्या काळात साडी नेसलेली बाई गाडी शिकवते हे बघायला मैदानाच्या कडेला माणसं जमायची. मॅडमनी त्यांनाच खुर्चीवर बसवायला सुरुवात केली.

दिवा पाहणाऱ्याचा असतो, हे त्यांचं वाक्य तिथून आलेलं. हे कळल्यावर मला त्या वाक्याची थट्टा करणं जमेना.

असल्या बाईला पळता इंडिकेटर आवडेल कसा? पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या खुर्चीशेजारी उभ्या होत्या. गाडी वळून गेली तरी त्या बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भाऊ, ही गाडी सांगून राहिली का नाचून राहिली?" नाचण्याला त्यांचा विरोध नव्हता, हे सांगितलं पाहिजे. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर निळी रोषणाई अशीच पळते, आणि तिच्यापुढं मॅडम कॅनव्हासच्या बुटांनिशी सगळ्यांत आधी नाचायला उतरायच्या. "ती लायटिंग आनंदाची हाय. तिला कुणाला काय सांगायचं न्हाई. पन वळायच्या येळेला नटून चालतंय का? आग लागली म्हनून ओरडताना कुणी सुरात ओरडतं का?" हे मला इतकं पटलं, की पुढं वर्षभर गिऱ्हाइकांना मी हेच माझं म्हणून ऐकवत होतो.

आणि मग त्यांच्या लेकीनं तशीच गाडी घेतली.

प्रज्ञा एकुलती एक. कृषी खात्यात अधिकारी, नोकरी भोकरला, राहायला नांदेडला. शेतकऱ्यांच्या बांधावर जीपनं फिरून फिरून रापलेली, आईसारखीच ठेंगणी आणि आईसारखीच हट्टी. स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली गाडी, गडद लाल. हार घातलेल्या गाडीतून ती थेट नांदेडहून लातूरला आली, कारण आईवडिलांना पहिली फेरी मारून आणायची होती, आणि त्याहून मोठा बेत असा होता, की मॅडमनी आता शाळा आवरावी आणि दोघांनी कायमचं नांदेडला तिच्याकडं यावं. सरांच्या पायाचं दुखणं वाढलं होतं. पायऱ्या चढवत नव्हत्या. मॅडमनाही ते कळत होतं.

मॅडमनी गाडीभोवती फेरी मारली, दारं उघडून मिटून पाहिली, टायरला हात लावला. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. मग म्हणाल्या, "साईड लाव बघू." प्रज्ञानं लावली. पिवळी रेघ सरसर पळाली. मॅडमच्या चेहऱ्यावरचं कौतुक तिथंच विझलं.

"मी यात बसनार न्हाई. सरांना तर बिलकुल बसू देनार न्हाई."

"मम्मी, अगं सगळ्या नव्या गाड्यांना तसंच येऊन राहिलंय आता."

"सगळ्यांच्या गाडीत माझा मानूस बसत न्हाई."

"मग नांदेडला कशी येणारेस?"

"यष्टीनं. मी माझी येईन."

प्रज्ञा रडली नाही, पण तिनं गाडीवरचा हार काढून सीटवर टाकला ते मी दुकानातून पाहिलं. लेकीनं आयुष्यात पहिली मोठी वस्तू घ्यावी आणि आईनं तिच्यात पाय ठेवू नये, याच्याइतकं वाईट दुसरं काय असतं! मला मॅडमचा राग आला. आदर होता तो होता, पण राग आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मॅडम आल्या त्याच काहीतरी ठरवून. रात्रभर झोप नसावी. प्रज्ञाला म्हणाल्या, "गाडी मैदानात उभी कर. मी म्हनते म्हनून दिवा वाईट ठरत न्हाई. पाहणाऱ्याला इचारू." लाल गाडी मैदानात उभी राहिली, डावा इंडिकेटर पळू लागला, आणि मॅडमनी रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून थांबवून विचारायला सुरुवात केली, "ही गाडी काय म्हनून राहिली?" असली परीक्षा बाकी कुठं झाली असेल असं वाटत नाही.

भाजीची पाटी घेतलेली म्हातारी म्हणाली, "लग्नाची हाय व्हय माय? नवरदेव कुठंय?" एका पोरानं सांगितलं, "चार्जिंग होऊन राहिली." ओळखीचा रिक्षावाला बराच वेळ निरखून म्हणाला, "मॅडम, चीज लई खूबसूरत हाय. किधर जातीय ते मालूम न्हाई." कॉलेजच्या दोन पोरींनी मात्र थांबायच्या आधीच सांगितलं, "डावीकडं! विचारायचं काय त्यात?" एक पेन्शनर गृहस्थ म्हणाले, डावीकडंच, पण आमच्या वेळी असलं नव्हतं. मॅडम प्रत्येक उत्तरावर मान डोलवत होत्या आणि प्रज्ञा बोनेटला टेकून नखं कुरतडत होती. एकंदर बाजू आईकडं झुकत चालली होती.

गौतम सर खुर्चीवर बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. घरच्या माणसाला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"प्रज्ञा," सर म्हणाले, "उजवा लाव."

तिनं उजवा लावला. रेघ उजवीकडं पळू लागली. सर बघत राहिले. इतका वेळ बघत राहिले, की मॅडमनी पुढच्या माणसाला थांबवायचं सोडून दिलं.

"सुमन," सर म्हणाले. मॅडमना नावानं हाक मारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "त्या ट्रकचा दिवा नुसता लुकलुकत होता. उजवीकडं, एवढंच म्हणत होता. कोण उजवीकडं, ते म्हणत नव्हता. मी, का तू. मला वाटलं, तू जा म्हणतोय." त्यांनी काठीनं लाल गाडीकडं दाखवलं. "हा दिवा स्वतः निघालाय. हा 'जा' म्हणत न्हाई. हा 'मी चाललो' म्हणतो. असा असता, तर मी मागं राहिलो असतो."

मॅडम सरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"लेकीचं मन राखून राहिलाव का?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"पाय माझा गेलाय, सुमन. त्या दिवशी पाहणारा मी होतो. तू मला कधी इचारलंच न्हाईस. तू त्याला जाऊन इचारलंस."

मॅडमचे डोळे भरून आले. इतकी वर्षं अख्ख्या लातूरला त्या पाहणाऱ्याचं महत्त्व शिकवत होत्या आणि पहिला पाहणारा रोज त्यांच्या शेजारी बसून जेवत होता. त्यांनी पदरानं डोळे पुसले, पर्समधली ओव्याची डबी काढली, चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकला आणि प्रज्ञाकडं वळल्या.

"उद्यापासून खुर्चीवर हे बी शिकवावं लागंल," त्या म्हणाल्या. "आन हे बघ, त्या भाजीवाल्या मावशीला न्हाई कळालं. रिक्षावाल्याला न्हाई कळालं. त्यांना कळंस्तोवर तुझी जिम्मेदारी. लौकर लावायचा आन सावकाश वळायचं. काय?"

"हाव," प्रज्ञा म्हणाली, आणि मग मात्र ती रडली.

बाई हट्टी होत्या, याबद्दल दुमत नाही. पण आपलंच वाक्य आपल्याविरुद्ध उभं राहिलं तेव्हा त्यांनी वाक्य सोडलं नाही, हट्ट सोडला. मी बरीच शिकलेली, मोठी माणसं पाहिली आहेत. त्यांना हे जमताना फार कमी वेळा पाहिलं. माझा आदल्या दिवशीचा राग कुठल्या कुठं गेला.

त्यानंतर काही महिने मॅडमनी शाळा चालवली, हाती घेतलेली माणसं पार लावली. पळता इंडिकेटर आला की खुर्चीवरच्याला विचारायच्या, "नाचून राहिली का सांगून राहिली?" आणि तो "सांगून राहिली" म्हणाला की पुढचा प्रश्न यायचा, "पाटीवाल्या मावशीला कळंल का?" मग जुनी पांढरी गाडी त्यांनी विकली. ओव्याची डबी मला देऊ लागल्या, मी घेतली नाही. म्हटलं, नांदेडला रस्ते मोठे आहेत, लागेल.

निरोप घेणं हे मॅडमच्या अंगात नव्हतं. जायच्या आदल्या संध्याकाळी दुकानात आल्या, सरांची औषधं घेतली, गोळ्यांच्या वेळा पुन्हा पुन्हा विचारल्या आणि निघून गेल्या. गुत्तेदाराला ज्या शब्दावरून त्यांनी एवढं सुनावलं होतं, तो 'येते' त्या मला म्हणाल्याच नाहीत. मी काउंटरमागं उभा राहून वाट पाहिली. उगाच वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटरवरून दुकान उघडायला येत होतो. मैदानाच्या कोपऱ्यावर समोरून ती लाल गाडी आली. बऱ्याच लांबून तिचा इंडिकेटर पळायला लागला होता, तिला माझ्यापुढून वळून नांदेडच्या रस्त्याला लागायचं होतं. मी थांबलो. गाडी सावकाश वळली. प्रज्ञा चालवत होती, तिच्या शेजारी सर पाय लांब करून बसले होते. मॅडम मागच्या सीटवर होत्या. त्यांना मागं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिथं त्या फारच लहान दिसत होत्या. नव्या गाडीच्या सगळ्या काचा बंद होत्या. फक्त एकच उघडी होती.

त्या उघड्या खिडकीतून तळहात बाहेर आला. वर झाला. नेहमी क्षणभर असायचा आणि आत जायचा. तो आत गेला नाही. गाडी वळून सरळ झाली, पुढं निघाली, दिवा विझला, तरी तो पंजा बाहेरच होता.

थांबलेल्यानं उलट हात करायचा नाही, मागं लोक खोळंबतात, हे मला पक्कं माहीत होतं. मी हात वर केला. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. गाडी दिसेनाशी होईस्तोवर मी हात खाली घेतला नाही. वाजव बाबा म्हटलं, वाजव.